डिजिटल पेनाने छापील कागद संगणकातील माहितीशी जोडताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

भरलेला अर्ज संगणकात उतरवल्यावर पान कोरे दिसते. एकाच पानावर तिघांची उत्तरे एकमेकांवर चढलेली दिसतात. किंवा छापील आकृतीवर पेन टेकवले की भलत्याच पानाची ध्वनिफीत वाजू लागते. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांच्यामागे बहुधा एकच गैरसमज असतो, तो म्हणजे पेन कागदावरची अक्षरे वाचते हा. पेन अक्षरे वाचत नाही, ते जागा वाचते. आपण कोणत्या पानावर, त्या पानाच्या कोणत्या बिंदूवर आणि किती वाजता आहोत, एवढेच त्याला कळते. त्या बिंदूचा अर्थ काय हे आपणच आधी लिहून ठेवायचे असते, आणि बहुतेक जण ही नोंद छपाई झाल्यानंतर, घाईत करतात. पुढचे टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने करावेत.

येथे विचार केला आहे तो बारीक ठिपक्यांची जाळी छापलेल्या कागदाचा आणि ती जाळी कॅमेऱ्याने टिपणाऱ्या पेनाचा. कागदाखाली पाटी ठेवून चालणारी पेने यात येत नाहीत, कारण त्या पद्धतीत वर कोणते पान ठेवले आहे हे यंत्राला स्वतःहून समजत नाही.

## जाळी कशी काम करते

अनोटो या कंपनीने काढलेल्या पद्धतीच्या जाळीत ठिपके सुमारे ०.३ मिलिमीटर अंतरावर असतात, पण एकही ठिपका काल्पनिक चौकड्यांच्या छेदबिंदूवर नेमका बसत नाही. तो वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे सुमारे ०.०५ मिलिमीटर सरकवलेला असतो. सरकण्याच्या या चार दिशांमध्येच माहिती दडलेली असते. सहा बाय सहा ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे १.८ मिलिमीटर बाजूचा तुकडा दिसला की पानाची ओळख आणि पानावरचे स्थान दोन्ही काढता येतात. पेनाच्या टोकाजवळचा कॅमेरा अवरक्त प्रकाशात सेकंदाला साधारण ७० ते १०० चित्रे घेतो आणि टोकातला दाबसंवेदक पेन कधी टेकले, कधी उचलले ते सांगतो. टेकल्यापासून उचलेपर्यंतचा प्रवास म्हणजे एक रेघ, आणि पेनाच्या दृष्टीने सगळा मजकूर अशा रेघांचाच बनलेला असतो.

यातला ०.०५ हा आकडा लक्षात ठेवावा. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० छापबिंदू उमटवणाऱ्या प्रिंटरचा एक छापबिंदू सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ज्या सरकण्यावर सारा डोलारा उभा आहे ते प्रिंटरच्या जेमतेम सव्वा बिंदूइतके आहे. छपाईबद्दल पुढे जो काटेकोरपणा सांगितला आहे, त्याचे कारण हे आहे.

## टप्पा १: जोडणीची दिशा ठरवा

जोडणी दोन दिशांची असते. पहिलीत कागदावर लिहिलेले संगणकात जाते: अर्ज, तपासणीपत्रके, नकाशावरच्या खुणा, हस्तलिखितावरच्या दुरुस्त्या. दुसरीत छापील जागेवर पेन टेकवल्यावर संगणकातली माहिती समोर येते: शब्दाचा उच्चार, आकृतीची चित्रफीत, संदर्भाचे मूळ पान. एकाच पानावर दोन्ही दिशा ठेवता येतात, पण मग कोणत्या चौकटीत लिहायचे आणि कोणत्या चौकटीवर फक्त टेकवायचे हे वाचणाऱ्याला नजरेनेच कळले पाहिजे. तसे नसेल तर लोक टेकवायच्या चौकटीवर सही करतात आणि लिहायच्या रकान्यावर पेन आपटत बसतात.

प्रत्येक चौकटीसाठी एक पूर्ण वाक्य लिहून काढावे: "या चौकटीत रेघ उमटली तर अमुक व्हावे." असे वाक्य जमत नसेल तर ती चौकट पानावर ठेवू नये.

लिहिणे आणि ध्वनिमुद्रण एकमेकांशी जोडायचे असेल, तर तो दुवा जागेपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असतो. माणूस ऐकल्यावर काही सेकंदांनी लिहितो, त्यामुळे शब्दावर पेन टेकवल्यावर मुद्रण त्या क्षणापासून सुरू झाले तर हवे असलेले वाक्य आधीच होऊन गेलेले असते. थोडे मागून ऐकवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असल्यास ती सुरुवातीलाच लावून घ्यावी.

## टप्पा २: पेन, जाळी आणि प्रिंटर एकमेकांना जुळतात का ते पाहा

ठिपके दिसायला सारखे असले तरी सगळ्या जाळ्या सारख्या नसतात. अनोटोची जाळी आणि निओ स्मार्टपेनचा एनकोड या वेगळ्या पद्धती आहेत, आणि एकीचे पेन दुसरीच्या कागदावर चालत नाही. एकाच पद्धतीतसुद्धा पेनाला किंवा सॉफ्टवेअरला पानांच्या ठरावीक पट्ट्याचाच परवाना असू शकतो, म्हणून वहीवर उत्तम चालणारे पेन स्वतः छापलेल्या पानावर गप्प बसले तर ते बिघडले असा निष्कर्ष लगेच काढू नये.

प्रिंटर लेझरचा आणि किमान ६०० डीपीआयचा असावा. १२०० डीपीआय मिळाल्यास उत्तम. इंकजेटची शाई कागदाच्या तंतूंमध्ये पसरते आणि ठिपके फुगतात. रंगीत लेझर प्रिंटर लागतोच असे नाही, पण जाळीवरच मजकूर किंवा चित्र छापायचे असेल तर तो लागतो. कारण टप्पा ५ मध्ये येईल.

कागद चकचकीत नसावा. चकाकी अवरक्त प्रकाश परावर्तित करते आणि कॅमेऱ्याला ठिपक्यांऐवजी झगमगाट दिसतो. छापलेल्या पानाला लॅमिनेशन करण्याचा मोह याच कारणासाठी आवरावा. दोन्ही बाजूंना जाळी छापायची असल्यास कागद ८० जीएसएमपेक्षा पातळ घेऊ नये.

तपासणी: मांडणीचे काम सुरू करण्यापूर्वी पेनासोबत आलेले किंवा सॉफ्टवेअरमधले नमुना पान आपल्याच प्रिंटरवर छापून त्यावर पाच ओळी लिहाव्यात. त्या पूर्ण उमटल्या नाहीत, तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर वेळ घालवू नये.

## टप्पा ३: पानांची नोंदवही आधी उघडा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. जाळीतल्या प्रत्येक पानाला स्वतःची ओळख असते. तिला पानाचा पत्ता म्हणू. कागदाचा मजकूर बदलला तरी पत्ता बदलत नाही, आणि मजकूर तोच ठेवून जाळी बदलली तर पेनासाठी ते पूर्ण नवे पान होते.

साध्या तक्त्यात पुढील रकाने ठेवावेत: पानाचा पत्ता, दस्तऐवजाचे नाव, आवृत्ती, पानाची बाजू, ज्या फाइलमधून छपाई झाली तिचे नाव, छपाईची तारीख आणि प्रतींची संख्या. पेनांसाठी दुसरा तक्ता असावा, ज्यात पेनाचा अनुक्रमांक आणि ते कोणाकडे, कोणत्या काळात होते याची नोंद राहील. पेन आपला अनुक्रमांक सांगते, हाताळणाऱ्याचे नाव सांगत नाही.

दस्तऐवजात एक चौकट जरी हलवली तरी नव्या आवृत्तीला नवा पत्ता द्यावा. जुना पत्ता पुन्हा वापरला तर दोन आवृत्त्यांचे कागद एकाच वेळी फिरत राहतात आणि पेनाला त्यांतला फरक कधीच कळत नाही.

आता प्रतींचा प्रश्न. एकच फाइल पन्नास वेळा छापली किंवा एका पानाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या, तर पन्नासही कागदांचा पत्ता एकच राहतो. मी पहिल्यांदा असे काम केले तेव्हा एका दिवसाचे सगळे अर्ज एका पानावर काळ्या गुंडाळ्यासारखे साचले होते, आणि ते वेळेनुसार सोडवत बसण्यात पुढचे दोन दिवस गेले. यावर उपाय दोन आहेत.

पहिला, प्रत्येक प्रतीला वेगळा पत्ता द्यावा. यात चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी असते, मात्र पत्ते जास्त खर्च होतात आणि फाइलमध्ये तितकी वेगवेगळी पाने तयार करावी लागतात. दुसरा, सर्व प्रतींना एकच पत्ता ठेवावा आणि पानावर "नवा अर्ज सुरू" व "अर्ज पूर्ण" अशा दोन चौकटी द्याव्यात. त्यांवर केलेल्या खुणांमधल्या रेघा एका अर्जाच्या, असे सॉफ्टवेअरला सांगावे. या पद्धतीत एक कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पेनाने भरावा लागतो आणि भरणारा खूण करायला विसरला की गोंधळ होतो. भरणारे प्रशिक्षित असतील तरच हा मार्ग घ्यावा. येणारा-जाणारा कोणीही कागद भरणार असेल तर पहिलाच मार्ग धरावा.

सावधान: जाळीच्या पानाची झेरॉक्स काढू नये. पत्त्याचा घोळ होतोच, शिवाय प्रतीत ठिपक्यांच्या कडा ढासळतात.

## टप्पा ४: पानाची मांडणी

पेनाचा कॅमेरा टोकाच्या थोडा बाजूला पाहतो. त्यामुळे पानाच्या अगदी कडेला लिहिताना टोक कागदावर आणि कॅमेऱ्याची नजर कागदाबाहेर, अशी स्थिती होते. चारही बाजूंना किमान १० मिलिमीटर जागा चौकटींविना सोडावी.

टेकवायच्या चौकटी ८ ते १० मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नयेत आणि दोन चौकटींमध्ये ३ मिलिमीटर तरी अंतर असावे. लिहायच्या रकान्यांचे नेमके उलट आहे: तेथे छापील रेषेपेक्षा संगणकातली चौकट थोडी मोठी ठेवावी, कारण माणसाचे वेलांटी-उकार आणि सहीचे फराटे रेषेबाहेर जातातच. रेघ कोणत्या रकान्याची हे ठरवताना तिचा पहिला बिंदू धरायचा की तिचा अधिकांश भाग, हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर लांब उत्तरांसाठी अधिकांश भाग धरावा.

आकड्यांसाठी एकेक घर पाडलेली पट्टी द्यावी. हस्ताक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला मोकळ्या ओळीतल्या आकड्यांपेक्षा घरांतले आकडे अधिक अचूक समजतात. शक्य तेथे लिहिण्याऐवजी बरोबरची खूण करायला लावावी.

दुरुस्तीची सोय मांडणीतच हवी. कागदावर खोडलेले पेनासाठी खोडले जात नाही. ते मूळ रेघेवर आणखी काही रेघा पडल्या एवढेच समजते. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक रकान्याशेजारी "रद्द" अशी लहान चौकट आणि पुन्हा लिहिण्यासाठी दुसरी ओळ ठेवावी.

पानाच्या कोपऱ्यात पत्ता, आवृत्ती आणि प्रतीचा क्रमांक माणसाला वाचता येईल असा छापावा. यंत्राने घोळ घातला की शेवटी ढीग उलगडणारा माणूस यावरच अवलंबून असतो.

## टप्पा ५: काळा रंग फक्त ठिपक्यांसाठी राखा

ठिपके काळ्या टोनरने छापले जातात, कारण त्यातला कार्बन अवरक्त प्रकाश शोषून घेतो आणि कॅमेऱ्याला ते गडद दिसतात. निळसर, किरमिजी आणि पिवळा हे छपाईचे तीन रंग मात्र अवरक्त प्रकाशात जवळजवळ पारदर्शक असतात. याचा अर्थ असा, की जाळीवर येणारी अक्षरे, रेषा आणि चित्रे या तीन रंगांच्या मिश्रणातून बनवली तर माणसाला ती दिसतात आणि पेनाला दिसत नाहीत. तीच काळ्या टोनरने छापली तर त्यांच्याखालचे ठिपके पेनासाठी नाहीसे होतात.

तीन रंगांचा काळा किंचित तपकिरी दिसतो. "छपाई फिकी आली" असे म्हणून कोणीतरी तो शेवटच्या क्षणी शुद्ध काळा करतो आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ही गोष्ट छापणाऱ्याला लेखी सांगावी.

चूक लपण्याच्या जागा तीन आहेत. लेखन सॉफ्टवेअरमधला नेहमीचा काळा प्रिंटरकडे जाताना बहुधा शुद्ध काळ्यात रूपांतरित होतो. छायाचित्रांच्या गडद भागात काळा आपोआप मिसळला जातो, म्हणून रंगरूपांतर करताना काळ्याची निर्मिती पूर्ण बंद करावी. आणि राखाडी छटा केवळ काळ्या टोनरने छापण्याचा पर्याय काही प्रिंटर ड्रायव्हरमध्ये आधीच चालू असतो. तो शोधून बंद करावा.

एकरंगी लेझर प्रिंटरच उपलब्ध असेल तर तडजोड करता येते: जाळी फक्त लिहायच्या आणि टेकवायच्या चौकटींत ठेवावी, शीर्षके आणि सूचना तिच्या बाहेर छापाव्यात. बारकोड लागत असेल तर तोही जाळीबाहेरच.

तपासणी: अंतिम पीडीएफ रंगपृथक्करण दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून काळा सोडून बाकीचे तिन्ही रंग लपवावेत. चौकटींच्या आत ठिपक्यांखेरीज काहीही उरता कामा नये. छापलेल्या कागदावर हीच खात्री करायची असेल, तर रात्रीच्या अवरक्त मोडमध्ये चालणाऱ्या सुरक्षा कॅमेऱ्यासमोर कागद धरून पाहावा: तीन रंगांची अक्षरे विरळ होतात किंवा दिसेनाशी होतात आणि कार्बनचा काळा तेवढा ठसठशीत उरतो.

## टप्पा ६: चौकटींचे निर्देशांक नोंदवा

मांडणी कायम झाल्यावर, पण छपाईच्या आधी, प्रत्येक चौकटीचे स्थान जाळीच्या मापात लिहावे लागते. सॉफ्टवेअर हे आपोआप करत असेल तरी हिशेब समजून घ्यावा, कारण चूक शोधताना तोच उपयोगी पडतो.

पीडीएफमध्ये अंतर पॉइंटमध्ये मोजतात आणि १ पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५२८ मिलिमीटर. तेथे मोजणी पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर जाते. जाळीत मात्र ती डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली येते. समजा, ८४२ पॉइंट उंचीच्या ए४ पानावर चौकटीचा वरचा डावा कोपरा आडवा ७२ आणि उभा ७२० पॉइंटवर आहे. वरून मोजल्यास उभे अंतर ८४२ वजा ७२०, म्हणजे १२२ पॉइंट, म्हणजेच ४३.०४ मिलिमीटर होते; आडवे अंतर २५.४ मिलिमीटर. जाळी पानाच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत सुरू होत असेल तर दोन्हींतून ५ वजा करून ३८.०४ आणि २०.४ उरतात. ०.३ ने भागल्यावर जाळीतले स्थान मिळते: उभे सुमारे १२६.८, आडवे ६८. काही सॉफ्टवेअर एका ठिपका-अंतराचेही आणखी भाग पाडतात, म्हणून कोणते एकक अपेक्षित आहे हे त्याच्या सूचनांत पाहावे.

चौकटींची नावे "चौकट १", "चौकट २" अशी ठेवू नयेत. "जन्मतारीख", "आकृती ४ ची चित्रफीत" अशी अर्थपूर्ण नावे द्यावीत. छापील जागेवरून एखादी फाइल उघडायची असेल तर चौकट थेट त्या फाइलच्या मार्गाशी न जोडता मधल्या एका सूचीतील क्रमांकाशी जोडावी, आणि क्रमांकापुढे फाइलचा मार्ग लिहावा. उद्या फाइल दुसरीकडे हलली तर सूचीतली एक ओळ बदलते. कागद पुन्हा छापावा लागत नाही.

## टप्पा ७: छपाई

छपाईच्या खिडकीत माप १०० टक्के, म्हणजे "ॲक्च्युअल साइझ" निवडावे. "फिट टू पेज" या पर्यायाने पान ९६-९७ टक्के होते. नजरेला फरक कळत नाही, पण प्रत्येक ठिपका जवळच्या छापबिंदूवर ओढला जातो आणि सव्वा बिंदूचे ते सरकणे त्यात हरवते. टोनर बचत, मसुदा दर्जा आणि कडा गुळगुळीत करणारे पर्याय बंद ठेवावेत.

जाळी असलेली पीडीएफ आकार कमी करून, चित्रात बदलून किंवा संदेशांच्या ॲपमधून चित्ररूपाने पाठवू नये. जेपीईजीचे संकुचन बारीक ठिपक्यांना सर्वांत आधी गिळते. फाइल मूळ रूपातच, शक्यतो यूएसबीवरून, प्रिंटरपर्यंत न्यावी.

तयार जाळीच्या कोऱ्या कागदांवर आपला मजकूर वरून छापण्याची पद्धत सोयीची असते, पण त्यात कागद प्रिंटरमध्ये घसरतो आणि मजकूर व जाळी यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. अशा वेळी संगणकातल्या चौकटी चहूबाजूंनी २ मिलिमीटरने वाढवाव्यात आणि कागद ट्रेमध्ये उलटा किंवा उलट्या बाजूने गेला नाही याची पहिल्या पानावरच खात्री करावी.

तपासणी: सुरुवातीला दोनच पाने छापावीत. टप्पा ९ पूर्ण होईपर्यंत उरलेली छपाई थांबवावी.

## टप्पा ८: पेनाची तयारी

पेन पूर्ण चार्ज करून संगणकाशी किंवा फोनशी जोडावे आणि घड्याळ जुळवून घ्यावे. बॅटरी पूर्ण संपून पडून राहिलेल्या पेनाचे घड्याळ मागे-पुढे झालेले असू शकते, आणि ज्या पद्धतीत अर्ज वेळेनुसार वेगळे करायचे आहेत तेथे ही गोष्ट जिव्हाळ्याची ठरते. मागच्या कामाच्या रेघा पेनात उरल्या असतील तर त्या उतरवून, जपून ठेवून, मगच पेन रिकामे करावे.

रिफिल पेनाच्या उत्पादकाने सुचवलेलीच वापरावी. बाजारातली मापाने बसणारी कोणतीही रिफिल चालते, हा समज चुकीचा आहे. शाईत कार्बन असेल तर पेनाने नुकतीच ओढलेली रेघ त्याच्याच कॅमेऱ्याला आडवी येते आणि दाट लिखाणात मधले शब्द गळतात. रिफिल नीट आत बसली नसेल तर दाबसंवेदक सतत दाबलेला राहतो व न लिहिता रेघा उमटतात.

## टप्पा ९: चाचणी, आणि चूक कुठे आहे ते ओळखणे

चाचणीसाठी पानाच्या चार कोपऱ्यांजवळ आणि मध्यभागी बारीक फुल्या छापाव्यात, अर्थात तीन रंगांच्या मिश्रणाने. पेनाने त्या फुल्या गिरवाव्यात, प्रत्येक रकान्यात काहीतरी लिहावे, टेकवायची प्रत्येक चौकट दोनदा टेकवावी, छापील मजकुरावरून आणि चित्रावरून तिरपी रेघ ओढावी. मग रेघा संगणकात मूळ पानावर ठेवून पाहाव्यात.

सगळ्या फुल्या एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेल्या दिसल्या तर जाळीचा आरंभबिंदू चुकला आहे. टप्पा ६ मधली ५ मिलिमीटरची वजाबाकी पाहावी. वर बरोबर आणि खाली जाताना फरक वाढत गेला तर पॉइंट आणि मिलिमीटर यांच्या रूपांतरात किंवा छपाईच्या मापात चूक आहे. वरचे खाली आणि खालचे वर उमटले तर उभ्या मोजणीची दिशा उलटवायची राहिली आहे.

रेघ तुटत असेल तर ती कुठे तुटते हे पाहावे. अक्षरांवर किंवा चित्राच्या गडद भागावरच तुटत असेल तर तेथे काळा टोनर शिरला आहे. पानभर, जागा बदलून तुटत असेल तर छपाई फिकी आहे किंवा कॅमेऱ्याची काच मळली आहे. कडेलाच तुटत असेल तर समास अपुरा आहे. काहीच उमटत नसेल, पण नमुना पानावर तेच पेन चालत असेल, तर पानाचा पत्ता सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेला नाही किंवा परवान्याच्या पट्ट्याबाहेरचा आहे.

एक मिलिमीटरपर्यंतचा फरक लिहायच्या रकान्यांसाठी चालतो. नकाशा किंवा आराखड्यावर खुणा करायच्या असतील तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

शेवटी, ज्याने हे काम कधीच पाहिलेले नाही अशा एका व्यक्तीच्या हाती पेन आणि कागद द्यावा आणि स्वतः काहीही न सांगता बघत राहावे. ती कुठे अडखळते ते टिपून मांडणी सुधारावी, आवृत्ती बदलावी, नवा पत्ता द्यावा आणि टप्पा ५ पासून पुन्हा यावे. कंटाळवाणे आहे, पण पाचशे पाने छापून झाल्यावरच्या पश्चात्तापापेक्षा स्वस्त.

## टप्पा १०: प्रत्यक्ष वापर

भरणाऱ्यांना पाच गोष्टी सांगाव्यात. या पेनाखेरीज दुसऱ्या कशानेही चौकटीत लिहू नये. पेन्सिलीतले ग्राफाइट ठिपके झाकते. चूक झाली तर पांढरे करेक्शन फ्लुइड लावू नये, कारण त्याखालची जाळी कायमची जाते. "रद्द" चौकटीवर खूण करावी. टोकाजवळची कॅमेऱ्याची खिडकी बोटाने झाकू नये. कागदाखाली सपाट, कडक आधार घ्यावा. आणि अर्ज संपल्याची खूण केल्याशिवाय पुढचा कागद उचलू नये.

शिक्का मारायचा असेल तर त्याची जागा जाळीबाहेर ठेवावी. शिक्क्याची शाई कशाची आहे याचा शोध घेत बसण्यापेक्षा हे सोपे.

ब्लूटूथवरून रेघा थेट जात असतील तरीही पेनाच्या स्वतःच्या स्मृतीत साठवणूक चालू ठेवावी. जोडणी मध्येच तुटली तर नंतर उतरवून घेता येते.

## टप्पा ११: उतरवणे, पडताळणे आणि जपणे

दिवसाअखेरीस प्रत्येक पेन उतरवावे आणि कागदांची संख्या संगणकातल्या अर्जांच्या संख्येशी मोजून पाहावी. आकडे जुळले नाहीत तर त्याच दिवशी शोध घ्यावा. दुसऱ्या दिवशी कोणता कागद कोणत्या वेळेचा हे कोणालाच आठवत नाही.

हस्ताक्षराचे मजकुरात रूपांतर झाल्यावर मूळ रेघांची फाइल पुसून टाकण्याची चूक फार जण करतात. रूपांतर हा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो, मूळ नोंद रेघांची असते. दोन अर्ज एकमेकांवर चढले असतील तर रेघांच्या वेळेतली मोठी फट पाहून ते वेगळे काढता येतात, पण त्यासाठी रेघा शिल्लक असाव्या लागतात. रूपांतरित मजकुरात नावे, तारखा आणि रकमा माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात. देवनागरीत लिहिलेला मजकूर असेल तर सॉफ्टवेअर ती लिपी आणि ती भाषा ओळखते का हे टप्पा २ मध्येच पाहिलेले असावे. ओळखत नसेल तर लिखाण चित्ररूपाने ठेवून फक्त खुणांचे रकाने आपोआप वाचावेत.

काम संपल्यावर चार गोष्टी एकाच ठिकाणी ठेवाव्यात: मूळ रेघा, छापलेली नेमकी पीडीएफ, चौकटींच्या निर्देशांकांची फाइल आणि पानांची नोंदवही. रेघा उघड्या स्वरूपात, म्हणजे बिंदूंचे निर्देशांक आणि वेळ वाचता येईल अशा रीतीने, निर्यात करून ठेवाव्यात, कारण सॉफ्टवेअर बंद पडले की त्याच्या खासगी स्वरूपातल्या फाइली कोणी उघडून देत नाही. सह्या असलेले भरलेले कागदही, निदान पडताळणी पूर्ण होईपर्यंत, कोपऱ्यातल्या क्रमांकानुसार लावून ठेवावेत.